एका ठिपक्याचा चमचा

भावनाताई सक्करदऱ्याला बहिणीकडे जाऊन दुपारी परतल्या, तेव्हा नागपूरच्या बेसा भागातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी ठीक नव्हत्या. पहिली, केशवराव शीळ घालत होते. दुसरी, वास.

शिळेचं त्या चालवून घेत. रिटायर झाल्यावर माणूस काही ना काही करणारच. पण वास तेलकट होता, जळकट होता आणि ओळखीचा होता. लहानपणी उमरेडला टाचेत काटा मोडला की आई एक काळं फळ चुलीवर तापवायची आणि सुईनं त्याचं तेल काट्याच्या जागी लावायची. तो हा वास. इथं चूल नव्हती, काटा नव्हता आणि आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"काय जाळून राहिले तुम्ही?"

"जाळून नाही, काम करून राहिलो," केशवराव गॅलरीतून म्हणाले. "झालंच आता. ये, बघ."

गॅलरीत जुन्या चादरीवर लाकडी चमचे उन्हात ओळीनं मांडले होते. प्रत्येकाच्या खळग्यात, जिथं घास बसतो तिथं, काळे ठिपके. काहींत एक, काहींत दोन, काहींत तीन. शेजारी पणती, चिमटा, दाभण आणि उघडी कागदाची पुडी. पुडीत बदामाएवढी, चकचकीत काळी फळं.

भावनाताईंनी पर्स खाली ठेवली नाही. ती त्यांच्या हातातून पडली.

"बिब्बा," त्या म्हणाल्या. "तुम्ही चमच्याले बिब्बा लावला?"

एरवी त्या 'चमच्याला' म्हणत. घाबरल्या की त्यांची भाषा उमरेडला परत जायची. केशवरावांना हे लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं होतं, पण ते कौतुकाची वाट बघत होते, म्हणून त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

"शंभर टक्के नैसर्गिक," ते म्हणाले.

चमचे त्यांच्या नातीच्या, वेदिकाच्या, चौथ्या वाढदिवसाचे. मुलगी चिन्मयी आणि जावई गौरांग दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला. सकाळी पोरीला आजी-आजोबांकडे सोडायचं आणि संध्याकाळी न्यायचं, असा क्रम. वाढदिवसाला प्लास्टिक नको म्हणून गौरांगनं लाकडी चमचे मागवले. खोक्यावर लिहिलं होतं, 'एकदा वापरा, पृथ्वीला परत द्या.' केशवरावांना ते वाचूनच अस्वस्थ वाटलं. पृथ्वीनं मागितले नव्हते. पार्टी संपल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून केकसकट चमचे काढले. जावयाच्या ऑफिसातली मंडळी अजून दारात चपला घालत होती.

मग सुरू झाली शुद्धीची मोहीम. गरम पाणी आणि सोडा, त्यावर लिंबू-मीठ, मग ऊन, मग तेलाचा हलका हात म्हणजे लाकूड तडकत नाही. केशवरावांनी हे सगळं मोबाईलवर पाहून पाठ केलं होतं. अडचण स्वच्छतेची नव्हतीच. अडचण उष्ट्याची होती.

"स्टीलचं उष्टं धुतलं की जातं," भावनाताईंनी तेव्हाच बजावलं होतं. "लाकूड पिऊन घेतं. गौरांगच्या अख्ख्या ऑफिसचं उष्टं माझ्या नातीच्या तोंडात नाही जाणार. तिचे वेगळे, आपले वेगळे, बाहेरच्यांचे वेगळे. जमत असेल तर धुवा, नाहीतर फेका."

फेकणं केशवरावांना जमत नसे. सरकारी कचेरीत त्यांचं उभं आयुष्य भांडारात गेलं होतं. खुर्च्या, टेबलं, पंखे, माठ, सगळ्यांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायचं काम त्यांचं. एका साहेबांनी घरून आणलेल्या उशीवरही त्यांनी नंबर टाकला होता, आणि साहेबांची बदली झाली तेव्हा ती उशी सोडली नव्हती. तेव्हा खूण करण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता. एक ठिपका वेदिकाचा, दोन ठिपके घरचे, तीन ठिपके बाहेरच्यांचे. पेन्सिल पहिल्या धुण्यात गेली. बॉलपेन दुसऱ्यात. मार्करच्या पाठीवर बारीक अक्षरात 'मुलांपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं निघालं. केशवराव हादरले. नातीच्या तोंडात केमिकल जाणार होतं, थोडक्यात वाचली. आणि मग त्यांना लहानपणीच्या शर्टांच्या कॉलरी आठवल्या. धोब्यानं केलेली ती बिब्ब्याची काळी खूण शर्ट फाटला तरी जात नसे.

इतवारी बाजारातल्या जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्यानं पुडी बांधताना सांगितलं होतं, "हाथ मत लगाना, साहब." केशवरावांना तो भला माणूस वाटला. बोटांना डाग पडू नयेत म्हणून सांगतो. म्हणून त्यांनी चिमटा वापरला.

खूण दांडीवर का नाही केली, त्यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. दांडी मुठीत झाकली जाते. नंबर कसा, समोर हवा.

"वेदू कुठं आहे?" भावनाताईंनी विचारलं.

"आत, खेळून राहिली."

"जेवली?"

"दहीभात. अख्खी वाटी संपवली. मी तिच्यासमोर वाटी ठेवली आणि इकडं..."

"कशानं जेवली?"

केशवराव मागे वळले. त्यांनी एका ठिपक्याच्या ओळीकडं पाहिलं. तिथं एक जागा मोकळी होती.

भावनाताईंची बहीण, जिच्याकडून त्या आत्ताच आल्या होत्या, तिच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून एक काळपट वण आहे. बिब्ब्याच्या आत गोडंबी असते, खायला गोड, लाडवात घालतात. ती भट्टीत भाजून, राखेत हात घोळून काढावी लागते. बहिणीनं लहान असताना ती दातांनी फोडून काढू पाहिली. त्या दिवशी काही झालं नाही. पोरगी हुंदडत होती, आईनं नुसतं रागावून सोडलं. दुसऱ्या दिवशी चेहरा असा सुजला की डोळे कुठं आहेत ते शोधावं लागलं, आणि पाणी कापसानं थेंब थेंब पाजलं. त्या घटनेतली भावनाताईंना सगळ्यात भीतिदायक वाटलेली गोष्ट सूज नव्हती. आदल्या दिवशीचं ते हुंदडणं होतं.

आणि आता वेदिका आतल्या खोलीत पलंगावरून बस चालवत होती, भोंगा तोंडानं वाजवत. अगदी हुंदडत होती.

"तोंड उघड, बाळा. आ कर."

वेदिकानं आ केला. जीभ गुलाबी. ओठ ओठांसारखे. हनुवटीला दही वाळलेलं.

"जेवताना चमच्यानं खाल्लं ना तू? आजोबांनी दिला त्या?"

वेदिकानं आजोबांकडे पाहिलं. मग आजीकडे. मग मान हलवली. "हो."

"टोचलं? झोंबलं?"

"नाही."

"नाही म्हणते," केशवराव दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. भावनाताईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर ते परत गॅलरीत गेले.

पाच मिनिटांत घरातलं खोबरेल तेल संपलं. पोरीचे ओठ, हनुवटी, गाल, हात, जिथं जिथं चमचा गेला असेल तिथं, आणि नंतर जिथं जाण्याची शक्यता नव्हती तिथंही. वेदिका चकचकीत झाली आणि खूष झाली. भावनाताईंनी चमचे चादरीसकट गुंडाळले, वरून प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, आणि गाठोडं गॅलरीतल्या कपाटावर ठेवलं. हात तीनदा धुतले.

"चिन्मयीला फोन लावा."

"संध्याकाळपर्यंत बघू ना. काही झालंच तर..."

"झालंच तर?"

"नाही म्हणजे, ती ऑफिसात आहे. तिकडून निघायची, गाडी जोरात चालवायची, वर्धा रोडवर ते ट्रक." केशवरावांनी खरंच वर्धा रोडवरचे ट्रक डोळ्यांसमोर आणले. त्या ट्रकांची भीती त्यांना बरी वाटत होती, कारण ते ट्रक त्यांनी रस्त्यावर आणले नव्हते.

"मी डॉक्टरकडे नेऊन राहिली तिला," भावनाताई म्हणाल्या. "येत असाल तर चपला घाला. नसाल येत तर इथंच बसा अन् शीळ वाजवा."

ऑटोत केशवरावांचा मोबाईल सारखा वाजत होता. सकाळी त्यांनी चमच्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, 'टाकाऊतून टिकाऊ, तेही केमिकलशिवाय' असं लिहून. अंगठे येत होते. कुणी टाळ्या पाठवल्या. बी विंगमधल्या कुणी विचारलं, 'ही शाई कुठे मिळेल?' केशवरावांनी फोन बंद केला. मग चालू केला, फोटो काढून टाकला, आणि त्या माणसाला लिहिलं, 'मिळत नाही.'

डॉक्टर अश्लेषा मेश्राम वेदिकाला जन्मापासून पाहत होत्या. त्यांनी आधी पोरीचा घसा बघितला, मग छातीला नळी लावली, मग पापण्या खाली ओढून पाहिल्या. केशवरावांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातले सगळे आजार वाचले. त्यात बिब्बा नव्हता.

"मागच्या उन्हाळ्यात हिला आंब्यानं उतलं होतं ना?" डॉक्टर म्हणाल्या. "ओठाभोवती फोड?"

"हो," भावनाताई म्हणाल्या. "चिकाचा आंबा चोखला होता."

"आंबा अन् बिब्बा एकाच खानदानातले. काजू पण. ज्याला आंब्याचा चीक सहन नाही होत, त्याला बिब्बा जास्तच धरू शकतो. नक्की धरेलच असं नाही, पण धरू शकतो." त्यांनी केशवरावांकडं पाहिलं. "काका, एक विचारू का? चमच्याला काहून लावलं?"

"खूण म्हणून."

"काय खूण?"

"हा वेदिकाचा, म्हणून."

डॉक्टरांनी पेन उघडलं, परत बंद केलं. "बरं."

"कधी कळेल?" भावनाताईंनी विचारलं.

"आज कळेल, नाहीतर उद्या. उद्या दुपारपर्यंत काही नाही झालं तर समजा निघालं. तोपर्यंत बघत राहायचं. ओठ, पापण्या, आवाज. लाळ गिळत नसेल, आवाज बसला, श्वास घेताना आवाज आला, तर मला फोन करत नका बसू, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये. रस्त्यात फोन करा." मग त्यांची नजर केशवरावांच्या हातावर गेली. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला काळे डाग होते, आणि ते ती दोन बोटं मघापासून एकमेकांवर घासत होते. "खाजून राहिलं का, काका?"

"थोडंसं."

"तुम्हाला आंबा चालतो?"

"लहानपणापासून नाही. तोंड येतं."

"मग नात तुमच्यावरच गेली," डॉक्टर सहज म्हणाल्या आणि औषध लिहू लागल्या. हे वाक्य पूर्वी कुणी म्हटलं असतं, तर केशवरावांनी पेढे वाटले असते. "अन् हो, ते चमचे जाळू नका. धुरानं पण डोळे सुजतात. कचऱ्याच्या गाडीत पण नका टाकू. वेचणारी माणसं हातानं वेचतात."

"मग काय करायचं?"

"ते आधी नव्हतं का ठरवलं?" डॉक्टर म्हणाल्या.

औषध लाल रंगाचं, गोड होतं. वेदिका ते आवडीनं प्यायली, आणि घरी येईपर्यंत तिचे ओठ लालभडक झाले. भावनाताईंनी जिन्यात पोरीला खाली ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसल्या. मग केशवरावांनी रुमालानं ओठ पुसले, रुमाल लाल झाला, ओठ परत गुलाबी झाले. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येत होत्या. "काय म्हणते वेदू?" त्यांनी विचारलं. "मजेत," केशवराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज बसल्यासारखा वाटला.

त्यानंतरची दुपार बघण्यात गेली. माणसाच्या पोराकडं इतका वेळ एकटक बघितलं, की त्याचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसेनासा होतो. वरचा ओठ सकाळीही असाच होता का? डावी पापणी जरा जड नाही वाटत? वेदिकानं नाक खाजवलं, भावनाताई उठल्या. वेदिका खोकली, केशवराव उठले. तिच्या लक्षात आलं की खोकलं की आजोबा उठतात, मग ती खोकतच राहिली. प्रत्येक वेळी ते उठले. खोटा आहे हे कळत असूनही उठले. शेवटी ती आजीच्या मांडीवर झोपली, आणि मग सगळ्यात वाईट झालं, कारण झोपलेलं पोर श्वास घेतं की नाही हे बघायला अगदी जवळ जावं लागतं.

भावनाताई तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. "आमच्या ताईनं पण असंच झोपून घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

केशवराव उठून गॅलरीत गेले.

त्यांना बसवत नव्हतं. कचेरीत मालाबद्दल शंका आली की एकच पद्धत होती: नमुना काढायचा आणि तपासायचा. इथं नमुना तपासणारं कुणी नव्हतं. पण डॉक्टर म्हणाल्या होत्या की नात त्यांच्यावर गेली. तीच कातडी, तोच आंबा. त्यांनी स्टुलावर चढून गाठोडं खाली घेतलं, पिशव्या उलगडल्या आणि एका ठिपक्याचा एक चमचा काढला. स्वयंपाकघरात जाऊन वाटीत दहीभात घेतला. मग वेदिका जेवते तसे, लहान लहान घास घेत, चमचा चोखत, त्यांनी वाटी संपवली. चव दहीभाताची होती. मीठ जरा कमी होतं.

चमचा धुवायला नळाखाली धरला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पोरगी त्यांच्या तीन तास आधी जेवली होती. म्हणजे जे काही व्हायचं, ते तिला आधी होणार आणि मग त्यांना. नमुन्याचा अहवाल मालाच्या मागून येणार होता. केशवरावांनी नळ बंद केला. आपण नक्की कशासाठी खाल्लं, ते त्यांना आता सांगता आलं नसतं. पण खाल्ल्यावर जरा कमी एकटं वाटत होतं, हे खरं.

चिन्मयी आणि गौरांग संध्याकाळी आले. सांगायचं काम केशवरावांकडं होतं. भावनाताईंनी तसं ठरवून दिलं होतं आणि त्या स्वतः शेजारी उभ्या होत्या, पळवाट असेल त्या बाजूला. केशवरावांनी सुरुवात प्लास्टिकच्या दुष्परिणामांपासून केली.

"बाबा," चिन्मयी म्हणाली, "काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. चिन्मयी ओरडेल अशी त्यांची तयारी होती. त्या ओरडण्याला द्यायची उत्तरंही तयार होती. पण ती ओरडली नाही. ती आत गेली, झोपेतून उठलेल्या पोरीला कडेवर घेऊन आली आणि खिडकीजवळच्या उजेडात तिचं तोंड बघत राहिली. गौरांग मोबाईलवर काहीतरी शोधत होता. एका ठिकाणी त्याचा अंगठा थांबला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय दिसलं?" भावनाताईंनी विचारलं.

"काही नाही."

"दाखव."

"आई, प्लीज," गौरांग म्हणाला. "काही नाही."

"मी चमचे फेकले होते," थोड्या वेळानं तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही. "पार्टीनंतर. मी स्वतः डब्यात टाकले होते."

केशवरावांनी डागाळलेली दोन बोटं मुठीत झाकली. वेदिका आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती, आणि सगळे इतके गप्प का आहेत हे न कळून तिचाही चेहरा उतरला होता.

"आजोबांनी मला चमचा दिला," ती हळूच आईला म्हणाली.

"माहीत आहे, बाळा."

"मी खाल्लं त्याच्यानं." आणि ती रडायला लागली.

रडताना आवाज बसलाय का, हे चौघंही श्वास रोखून ऐकत राहिले.

त्या रात्री सगळे एकाच खोलीत, दिवा न मालवता झोपले, म्हणजे वेदिका झोपली.

सकाळी चिन्मयी पाणी प्यायला उठली आणि तिनं किंकाळी फोडली. सोफ्यावर तिचे बाबा बसलेले असावेत. कपडे बाबांचे होते. वरचा ओठ नाकाला टेकला होता, खालचा उलटा लोंबत होता, पापण्यांच्या जागी दोन फुगे आणि त्यांत एकेक चीर. केशवराव तिला काहीतरी समजावून सांगत होते. ऐकू येत होतं ते "ब ब ब" असं.

चिन्मयी त्यांच्याजवळ थांबली नाही. ती उलट पावली आत धावली आणि वेदिकाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. मागोमाग गौरांग, मागोमाग भावनाताई. भावनाताईंनी नवऱ्याचा चेहरा जाता जाता पाहिला होता, आणि त्या चेहऱ्यावरून पोरीच्या चेहऱ्यापर्यंतच्या त्या चार पावलांत त्यांनी बहिणीला पाजलेला पाण्याचा एकेक थेंब मोजला.

वेदिका डोळे चोळत उठून बसली. दोन डोळे, स्वच्छ. दोन ओठ, आपापल्या जागी. "आई, शू," ती म्हणाली. आवाज खणखणीत.

"बाबांनी पण खाल्लं का?" गौरांगनं विचारलं. "कधी? काहून?" नागपुरात चार वर्षं राहून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'काहून' निघालं.

"ब," केशवराव दारात येऊन म्हणाले. मग खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, 'नमुना.'

भावनाताईंनी वाचलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तो हात तिथंच राहिला, डोळ्यांवर. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते पाहायला कुणाला सवड नव्हती. चिन्मयीनं डॉक्टर अश्लेषांना फोन लावला. त्यांनी विचारलं की श्वास कसा आहे, गिळता येतं का, आणि ताबडतोब घेऊन या म्हणाल्या. "पण हिला काहीच कसं नाही झालं?" चिन्मयी फोनवर विचारत होती. "दोघांनी एकाच प्रकारच्या चमच्यानं खाल्लं, मॅडम. हिला होणार आहे का अजून?"

वेदिका तोवर दाराजवळ पोचली होती. तिनं आजोबांना पाहिलं आणि भिंतीला चिकटली. तिच्या चेहऱ्यावर अशी भीती केशवरावांनी कधी पाहिली नव्हती. ते मागे सरले, हातानं तोंड झाकलं. आपलं तोंड पाहूनच ही पोर आयुष्यभर झोपायची नाही, असं त्यांना वाटलं. पण ती त्यांना घाबरलेली नव्हती.

"त्यानं चावलं तुम्हाला?" तिनं कुजबुजत विचारलं. "आजोबा? त्या चमच्यानं?"

केशवरावांनी, विचार करून, मान हलवली. हो.

"म्हणून मी नाही खाल्लं त्याच्यानं."

चिन्मयीच्या कानाशी फोनमधून डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"काय म्हणाली?" भावनाताईंनी हात डोळ्यांवरून काढला. "वेदू, काय म्हणालीस? तू तर हो म्हणालीस ना मला. हो म्हणालीस काल."

"तुम्ही रागावले असते." तिनं आजोबांकडे बोट दाखवलं. "आजोबा म्हणाले होते, हा खास तुझा चमचा. पण त्याला डोळा होता. तो माझ्याकडे बघत होता. मग मी हातानं खाल्लं."

"आणि चमचा कुठं गेला?"

वेदिका त्यांना गॅलरीत घेऊन गेली. कढीपत्त्याच्या कुंडीत, अगदी मागच्या बाजूला, एक लाकडी दांडी मातीतून वर आली होती. चमचा डोक्यावर उभा, खळगा पूर्ण मातीत दाबलेला. "डोळा आत केला त्याचा," ती म्हणाली. "आता त्याला नाही दिसत." दांडीवर दह्याचा एक कणही नव्हता.

चिन्मयी तिथंच फरशीवर बसली आणि पोरीला तिनं इतकं घट्ट धरलं की पोरगी आता खरंच खोकली. गौरांगनं वाकून कुंडीकडं पाहिलं, हात न लावता. मग सासऱ्यांकडे वळला. काल रात्रभर त्यांना सुनवायचं म्हणून जे काही त्यानं जमवून ठेवलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर येऊन उभं राहिलं. पण समोर तो ओठ होता.

"चला बाबा," तो म्हणाला. "आधी इंजेक्शन घेऊन येऊ."

डॉक्टरांनी केशवरावांना सकाळभर क्लिनिकमध्ये बसवून ठेवलं, आणि श्वासाला धोका नाही अशी खात्री झाल्यावरच सोडलं. सूज उतरायला आठवडा लागेल म्हणाल्या. तोपर्यंत पातळ खा, थंड खा. चमचे पिशवीसकट कुठंतरी खोल पुरा, आणि तेही ग्लोव्हज घालून. बेसात मोकळी जमीन आता बिल्डरांच्या ताब्यात आहे. केशवराव परतताना गाडीच्या काचेतून प्लॉटमागून प्लॉट बघत होते आणि प्रत्येक फाटकावरच्या पाटीवरचा नंबर वाचत होते.

घरी भावनाताईंनी गार केलेली पेज वाटीत काढली. केशवरावांना बोटं वापरता येत नव्हती, त्यांना मलमपट्टी होती. वेदिका म्हणाली, मी भरवते. चिन्मयीनं ड्रॉवरमधून स्टीलचा चमचा काढून दिला, जुना, लग्नात मिळालेला, नाव घातलेला. पोरगी सोफ्यावर आजोबांच्या शेजारी गुडघे मुडपून बसली. केशवरावांनी जमेल तेवढं तोंड उघडलं.

पण ती भरवायच्या आधी तपासणार होती. तिनं चमचा आधी पालथा करून पाहिला, मग सुलटा केला, आणि खळगा अगदी नाकाजवळ आणून आत डोकावली. तिचा हात थांबला. चमच्याच्या चकचकीत खळग्यात, उलटं होऊन, कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

तिनं चमचा हळूच वाटीत ठेवला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"आजोबा," ती म्हणाली, "ह्याला तर दोन आहेत."